हंगामी यमदूत

२७ जून २००३ रोजी अमेरिकेतील 'शोटाइम' या वाहिनीवर 'डेड लाइक मी' नावाची मालिका सुरू झाली आणि पहिल्याच भागात तिची नायिका मेली. नाव जॉर्जिया लास, पण सगळे तिला जॉर्ज म्हणतात. वय १८. कॉलेज अर्धवट सोडलेले, कशातच मन नाही, घरात आईशी रोजची धुसफूस. आईच्या तगाद्यामुळे ती सिअ‍ॅटलमधल्या 'हॅपी टाइम' या संस्थेत नाव नोंदवते. कंपन्यांना तात्पुरती माणसे पुरवणे हा या संस्थेचा धंदा. कामाच्या पहिल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत जॉर्ज रस्त्यावर येते आणि 'मीर' या रशियन अंतराळस्थानकाच्या शौचकूपाची बैठक आकाशातून येऊन तिच्यावर आदळते.

खरे 'मीर' २३ मार्च २००१ रोजी दक्षिण पॅसिफिक महासागरात ठरवून पाडण्यात आले होते आणि त्यात कोणाला इजा झाली नव्हती. मालिकेचे जनक ब्रायन फुलर यांनी त्या अवशेषांतली एक वस्तू तेवढी सिअ‍ॅटलकडे वळवली. मरण कोणत्या वस्तूने यावे, यालाही काही प्रतिष्ठा असते असे आपण मानतो. ती प्रतिष्ठा पहिल्या २० मिनिटांत गेली, की पुढचे सगळे सांगायला लेखक मोकळा होतो.

पुढचे असे, की जॉर्जला स्वर्ग मिळत नाही आणि नरकही मिळत नाही. तिला काम मिळते. मरणाऱ्या माणसाच्या शरीरातून त्याचा आत्मा काढून घेण्याचे, म्हणजे यमदूताचे काम. या कामाला पगार नाही. राहायला जागा नाही. यमदूतांनाही भूक लागते, घरभाडे द्यावे लागते. म्हणून जॉर्ज वेगळ्या नावाने आणि लोकांना दिसणाऱ्या वेगळ्या चेहऱ्याने पुन्हा त्याच 'हॅपी टाइम'च्या दारात उभी राहते. मेल्यावर या मुलीला सर्वप्रथम काय शोधावे लागले असेल, तर नोकरी.

मी या मालिकेकडे वळलो तो मध्ययुगीन युरोपातील मृत्यूच्या चित्रांचा अभ्यास करताना. १४२४ सालच्या एका भिंतीपासून निघून मी २००३ सालच्या सिअ‍ॅटलमधल्या एका न्याहारीगृहात कसा पोहोचलो, हे सांगणे हा या लेखाचा विषय आहे. त्या प्रवासात एक गोष्ट मला पुन:पुन्हा दिसत गेली. माणसे मृत्यूला जे रूप देतात, त्यात त्या त्या काळातील कष्टांची आणि नोकरीची छाप असते. कोण राबतो, कोणासाठी राबतो, आणि त्याच्या पदरात काय पडते, हे मृत्यूच्या चित्रातही उतरते.

झोप नसलेला देव

मृत्यूच्या दूताची थट्टा ही काही अमेरिकन दूरचित्रवाणीची निर्मिती नव्हे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात ल्युशियन या ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या विनोदी लेखकाने देवांचे छोटे छोटे संवाद रचले. त्यातल्या एकात हर्मीस हा देव आपल्या आईपाशी, मायापाशी, गाऱ्हाणे मांडतो. सकाळी उठून भोजनशाळा झाडायची, झ्यूसचे निरोप पोहोचवायचे, दिवसभर धावपळ करायची. आणि एवढे करून रात्री इतर देव झोपले, की मृतांचे आत्मे पाताळात नेऊन सोडायचे. सगळ्या देवांत आपल्या एकट्यालाच झोप नाही, असे त्याचे म्हणणे. आई ऐकून घेते आणि कामाला लाग म्हणते. कारण मार चुकवायचा असेल तर दुसरा उपाय नाही.

ल्युशियनचे वाचक गुलामांच्या समाजात राहत होते. त्यांच्या घरात असा झाडणारा, निरोप नेणारा, रात्री उशिरापर्यंत जागणारा माणूस रोज वावरत होता. मृतांचा वाटाड्या देव त्यांना हसवत होता तो घरच्या नोकरासारखा बोलत होता म्हणून.

सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी यांनी आपल्या 'संवाद' या ग्रंथात स्टीफन नावाच्या प्रतिष्ठित गृहस्थाची हकीकत सांगितली आहे. तो कॉन्स्टँटिनोपलमध्ये मरण पावतो, त्याला न्यायाधीशापुढे उभे करतात आणि न्यायाधीश म्हणतो, मी या स्टीफनला आणायला सांगितलेच नव्हते, स्टीफन लोहाराला आणायला सांगितले होते. स्टीफनला परत पाठवले जाते आणि त्याच घटकेला शेजारचा लोहार मरतो.

ही कथा वाचताना मराठी वाचकाला परके असे काहीच वाटणार नाही. एकाच नावाचे दोन इसम, भलत्याच घरी गेलेले यमदूत, चित्रगुप्ताची वही आणि 'याला परत नेऊन सोडा' हा हुकूम, हे सगळे आपण आजीकडून ऐकलेले असते. १९८६ मध्ये बंगळूरच्या सतवंत पसरिचा आणि अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ इयन स्टीव्हन्सन यांनी मृत्यूच्या दारातून परतलेल्या भारतीयांच्या हकीकती अभ्यासून प्रसिद्ध केल्या. त्यांतही दूत घेऊन गेले, तिथे चूक लक्षात आली आणि परत पाठवले, असे सांगणारी माणसे होती. आपल्याकडे यमाच्या दरबाराला कारकून फार पूर्वीपासून आहे. उत्तरेत भाऊबीजेच्या म्हणजे यमद्वितीयेच्या दिवशी कायस्थ घरांतून चित्रगुप्ताची आणि त्याबरोबर दौत-लेखणीची पूजा होते. ज्यांची पिढ्यान्‌पिढ्या उपजीविका लेखणीवर झाली, त्यांचा पूर्वज मृत्यूच्या कचेरीतला लेखनिक असावा, हे किती साहजिक आहे.

भिंतीवरचा नाच आणि कापणीचा दर

१३४७ ते १३५१ या काळात युरोपात प्लेगची जी महामारी आली, तिने तिथली एक तृतीयांश ते निम्मी लोकसंख्या नेली, असे इतिहासकार मानतात. पुढे अनेक पिढ्या ही साथ परत परत येत राहिली. १४२४ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसमधील 'होली इनोसंट्स' या दफनभूमीच्या भिंतीवर एक लांबलचक चित्र काढायला सुरुवात झाली आणि पुढच्या वर्षी ते पूर्ण झाले. या चित्रात पोप, सम्राट, सरदार, व्यापारी, शेतकरी, तान्हे मूल अशी क्रमाने ओळ आहे आणि प्रत्येकाचा हात धरून एकेक प्रेत त्याला नाचत नेत आहे. यालाच पुढे 'मृत्यूचे नृत्य' म्हणू लागले. ती भिंत १६६९ मध्ये पाडली गेली. चित्राची कल्पना आपल्याला येते ती गुयो मार्शाँ या पॅरिसच्या मुद्रकाने १४८५ मध्ये काढलेल्या पुस्तकातून.

या नृत्याबद्दल नेहमी म्हटले जाते, की मृत्यूपुढे सगळे समान, असे ते सांगते. ते खरेच आहे. पण चित्रकार हान्स होल्बाइन याच्या लाकडी ठशांकडे नीट पाहिले, तर आणखी काही दिसते. हे ठसे १५३८ मध्ये लियों येथे छापले गेले. त्यांत मृत्यू राजाच्या भोजनात शिरतो, श्रीमंताचे पैसे उचलतो, न्यायाधीशाला गाठतो. कुणालाही तो नको असतो. पण एका चित्रात एक म्हातारा नांगर धरून चालला आहे, अंगावर चिंध्या आहेत, सूर्य मावळतीला आला आहे. इथे मृत्यू घोड्यांच्या बाजूने धावत आहे आणि चाबूक उगारून नांगर ओढायला मदत करत आहे. त्या म्हाताऱ्याचे उरलेले काम लवकर आटपावे म्हणून मृत्यू स्वत: शेतात राबतो आहे. सगळ्या मालिकेत मृत्यू माणसाच्या बाजूने काम करताना दिसतो, असे वाटायला लावणारे हे चित्र. समानतेच्या गोष्टीत कष्टकऱ्याची बाजू होल्बाइनने अशी चोरपावलांनी आणून ठेवली.

इंग्रजीत मृत्यूला 'ग्रिम रीपर' म्हणतात. 'रीपर' म्हणजे पीक कापणारा. आपला यम दंड आणि पाश घेऊन रेड्यावरून येतो, तिकडचा मृत्यू विळा किंवा लांब दांड्याचे कोयते घेऊन येतो. म्हणजे मृत्यू हा सुगीच्या दिवसांत कामाला लावलेला मजूर. मराठीत अशा माणसाला आपण हंगामी म्हणतो, आणि कचेरीतल्या कायम न झालेल्या माणसालाही हंगामीच म्हणतो. इंग्रजीला ही सोय नाही. ती असती, तर 'डेड लाइक मी'चे नाव कदाचित वेगळे असते.

आता हा खराखुरा कापणी करणारा मजूर प्लेगनंतर काय मिळवत होता, ते पाहू. माणसे मेल्यामुळे शेतावर हात कमी पडले आणि उरलेले मजूर वाढीव मजुरी मागू लागले. त्यावर उपाय म्हणून इंग्लंडमध्ये १३५१ साली मजुरांचा कायदा झाला. मजुरी साथीपूर्वीच्या दरांवर परत न्यावी, असा त्याचा रोख. धान्य कापणाऱ्याला ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात २ पेन्स, दुसऱ्या आठवड्यात ३ पेन्स, असे दर कायद्यात लिहून ठेवले आहेत. त्याच कायद्यात आणखी एक कलम आहे. नांगरे, गाडीवाले आणि अशा इतर गड्यांनी वर्षाच्या बोलीने काम करावे, रोजंदारीवर करू नये.

हे कलम आजच्या वाचकाला चक्रावून टाकील. मालक म्हणतो कायम राहा, आणि मजूर म्हणतो मी रोजंदारीवरच येईन. मजूर दुर्मीळ होता, त्यामुळे आज इथे दोन पैसे जास्त मिळाले तर उद्या तिथे, हे त्याला परवडत होते. हंगामी असणे ही तेव्हा मजुराची ताकद होती आणि ती मोडण्यासाठी राजाला कायदा करावा लागला. मृत्यूनेच त्याला ही ताकद दिली होती. विळा घेतलेला मृत्यू सरदारांना इतका भयंकर का वाटला असावा, याचे एक कारण मला इथे दिसते. शेतावरच्या विळेवाल्याचीही त्यांना तेव्हा धास्ती होती.

'ग्रिम रीपर' हे नाव मात्र इंग्रजीत रुळले ते १९ व्या शतकाच्या मध्यास. सायरस मॅकॉर्मिक याने कापणीच्या यंत्राचे पेटंट १८३४ मध्ये घेतले होते आणि पुढच्या काही दशकांत अमेरिकेच्या गव्हाच्या शेतांतून हाताने कापणी करणारा माणूस हळूहळू दिसेनासा होऊ लागला. शेतातून जाणारा हा मजूर भाषेत मात्र मृत्यूच्या रूपाने कायम झाला. दोन्हींचा कार्यकारणसंबंध आहे असे मी म्हणणार नाही, पण काळ एकच आहे.

कचेरी उघडते

विसाव्या शतकात पाश्चात्त्य मृत्यूने झगा उतरवला आणि सूट चढवला. १९४१ च्या 'हिअर कम्स मिस्टर जॉर्डन' या चित्रपटात एका मुष्टियोद्ध्याचे विमान कोसळू लागते आणि त्याला वेदना होऊ नयेत म्हणून परलोकाचा दूत त्याचा आत्मा आधीच काढून घेतो. मागाहून कळते, की तो माणूस वाचणार होता, त्याची ५० वर्षे शिल्लक होती. या दूताला नाव नाही, क्रमांक आहे: ७०१३. कामावर नवा आहे, घाई करतो, वरच्या साहेबांची बोलणी खातो. १९४६ च्या 'अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ' या ब्रिटिश चित्रपटातही दूताला क्रमांकच आहे: ७१. इंग्लिश धुक्यामुळे त्याला वैमानिक सापडत नाही आणि परलोकाच्या हिशेबात एक माणूस कमी भरतो. या चित्रपटात पृथ्वी रंगीत आहे आणि परलोक कृष्णधवल.

पोप ग्रेगरींच्या स्टीफनची गोष्टच हे दोन्ही चित्रपट सांगतात. फरक एवढाच, की तिथे एक न्यायाधीश होता आणि इथे खाते आहे, नोंदवह्या आहेत, वरिष्ठ-कनिष्ठ आहेत. हे चित्रपट पाहणाऱ्या लोकांची मुले-भाऊ तेव्हा क्रमांक घेऊन युद्धावर गेलेली होती. घरी तार येत होती ती एका खात्याकडूनच. चूक झाली तर ती दुरुस्त करणारे कोणी तरी वर बसलेले आहे, कागद नीट तपासले तर आपला माणूस परत मिळेल, ही आशा त्या हास्याखाली आहे. १९५९ मध्ये 'ट्वायलाइट झोन' या मालिकेच्या एका भागात मृत्यू काळ्या सुटात, हातात टाचणवही घेऊन येतो. एक फेरीवाला विक्रेता त्याला आपल्या मालाचे गुणगान ऐकवत असा गुंतवून ठेवतो, की मध्यरात्रीची नेमलेली वेळ टळते. वेळापत्रक पाळणारा नोकर आहे म्हणूनच त्याला फसवता येते. प्लेगला कोण फसवणार?

या सगळ्या कचेऱ्यांत एक गोष्ट गृहीत होती. दूत चुका करो, बोलणी खावो, पण त्याची नोकरी पक्की होती.

सिअ‍ॅटल, २००३

आता 'डेड लाइक मी'कडे परत येऊ. जॉर्जचा मुकादम रूब. ही भूमिका मँडी पटिंकिन यांनी केली आहे. रोज सकाळी 'डर वॉफल हाउस' नावाच्या न्याहारीगृहात तो आपल्या माणसांना जमवतो आणि पिवळ्या चिकट चिठ्ठ्या वाटतो. चिठ्ठीवर मरणाऱ्याच्या नावाचे आद्याक्षर, आडनाव, ठिकाण आणि वेळ. बस, एवढेच. कशाने मरणार हे लिहिलेले नसते. ही तुकडी अपघात, खून, आत्महत्या अशा बाह्य कारणांनी येणाऱ्या मरणांची. नैसर्गिक मरणांचे खाते निराळे. आदेश वरून येतात, पण वर कोण आहे ते जॉर्जला कळत नाही. प्रत्येक यमदूताला ठरावीक संख्येने आत्मे गोळा करायचे असतात, पण ती संख्या त्याला सांगितलेली नसते. ती भरली, की तो पुढे निघून जातो आणि त्याने शेवटी ज्याला नेले, तो त्याच्या जागी लागतो. बढती नाही, रजा नाही, मुदत केव्हा संपणार ते माहीत नाही. पोटासाठी रॉक्सी पार्किंगच्या दंडाच्या पावत्या फाडते, मेसन मेलेल्यांचे खिसे तपासतो.

आपल्याकडच्या कोणत्याही कंत्राटी माणसाला हे वर्णन वाचून दाखवा. तो यमदूताचे नाव काढण्याआधी आपल्या ठेकेदाराचे नाव काढील.

आणि हे सगळे सिअ‍ॅटलमध्ये घडावे यालाही अर्थ आहे. मालिकेचे चित्रीकरण कॅनडात व्हँकुव्हरला झाले, पण गोष्ट सिअ‍ॅटलची आहे. तात्पुरती माणसे पुरवण्याचा धंदा अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर वाढला: 'केली'ची स्थापना १९४६ ची, 'मॅनपॉवर'ची १९४८ ची. १९९० च्या दशकात सिअ‍ॅटलशेजारच्या रेडमंडमध्ये मायक्रोसॉफ्टकडे वर्षानुवर्षे काम करूनही कंपनीचे कर्मचारी न गणले गेलेले हजारो लोक होते. कायम असलेल्यांच्या गळ्यात निळा बिल्ला, यांच्या गळ्यात नारिंगी. या लोकांसाठी इंग्रजीत 'कायम' आणि 'तात्पुरता' हे दोन शब्द जोडून 'पर्माटेम्प' असा नवा शब्दच तयार झाला. १९९२ मध्ये त्यांनी दावा लावला आणि डिसेंबर २००० मध्ये कंपनीने ९ कोटी ७० लाख डॉलर देऊन तो मिटवला. पुढच्याच वर्षी बोइंग कंपनीने आपले मुख्यालय सिअ‍ॅटलमधून शिकागोला हलवले आणि ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर २० ते ३० हजार माणसे कमी करण्याचे जाहीर केले. इंटरनेट कंपन्यांचा फुगा फुटलेला होताच.

फुलर यांनी हा इतिहास डोळ्यांपुढे ठेवून लिहिले, असा माझा दावा नाही. लेखकाला हवेतला ओलावा कळायला हवामानखात्याचा अहवाल वाचावा लागत नाही. पण २००३ सालच्या त्या शहरातला प्रेक्षक 'पर्माटेम्प' हा शब्द विसरला नव्हता, आणि पडद्यावर मेल्यानंतरही 'कायम' न होणारी मुलगी पाहून तो कशाला हसला, हे समजणे अवघड नाही. १३५१ मध्ये हंगामी असणे ही मजुराची ताकद होती. साडेसहाशे वर्षांनी तीच त्याची दुर्बलता झाली. मृत्यूचा विळा तोच राहिला, तो धरणाऱ्याची स्थिती बदलली.

एक आक्षेप इथे घेता येईल. २००१ ते २००५ या काळात अमेरिकेत मृत्यूवरच्या मालिकांना बहर होता. अंत्यविधीचा व्यवसाय करणाऱ्या कुटुंबावरची 'सिक्स फीट अंडर' २००१ मध्येच आली होती. तेव्हा हे सारे ११ सप्टेंबरच्या धक्क्याने सुचले, नोकरीचा संबंध कशाला लावायचा? पण 'सिक्स फीट अंडर' त्या हल्ल्याच्या आधी, जूनमध्ये सुरू झाली होती. आणि हल्ल्यानंतरचा अमेरिकन मृत्यू सार्वजनिक झाला तसा लपवलाही गेला. डोव्हर येथील हवाई तळावर उतरणाऱ्या सैनिकांच्या शवपेट्यांची छायाचित्रे घ्यायला १९९१ पासून बंदी होती. मार्च २००३ मध्ये, इराक युद्धाच्या तोंडावर, ती नव्याने बजावण्यात आली आणि २००९ पर्यंत टिकली. पेट्या उतरवणारे हात होतेच, ते दिसू द्यायचे नव्हते. मालिका त्याच वर्षीच्या जूनमध्ये आली आणि तिने नेमके ते हात दाखवले: सामान्य, कंटाळलेले, न्याहारीच्या टेबलावर बिलावरून भांडणारे.

हात लावण्याचे काम

हे हात मी जवळून पाहिले आहेत. काही वर्षांपूर्वी माझे वडील गेले तेव्हा विद्युतदाहिनीपाशी पंचविशीतला एक मुलगा कामावर होता. त्याने कागदावर नाव, वय आणि वेळ उतरवून घेतली. 'वडील का?' एवढेच विचारले. मग चपला काढून हात जोडले आणि ट्रॉली आत सरकवताना वडिलांच्या कपाळावर आलेली फुले हलक्या हाताने बाजूला केली. नंतर बाहेर कट्ट्यावर बोलताना कळले, की तो ठेकेदाराकडून आलेला आहे. ११ महिन्यांचा करार, मग काही दिवसांचा खंड, मग पुन्हा ११ महिने. ती फुले बाजूला करणे त्याच्या करारात कुठेही लिहिलेले नसणार.

'डेड लाइक मी'मध्ये यमदूताचे काम नेमके हेच असते. जीव घेणे हे त्याचे काम नाही. अपघात घडवून आणणारे खुजे, अदृश्य प्राणी निराळे आहेत. यमदूताने मरणाच्या क्षणभर आधी त्या माणसाला हलकेच हात लावायचा, म्हणजे आत्मा आधीच मोकळा होतो आणि शरीराच्या यातना त्याला भोगाव्या लागत नाहीत. पहिल्याच कामगिरीवर जॉर्जला एका लहान मुलीचा आत्मा घ्यायचा असतो आणि ती नाकारते. कोणताही नवखा माणूस नाकारील. रूब तिला सांगतो, की वेळ झालेला आत्मा तसाच आत ठेवला, तर तो आतल्या आत कोमेजत जातो. जॉर्जला काम करावेच लागते. मालिका इथे हसणे थांबवते. बिनपगारी, अपमानास्पद, मुदत न सांगितलेली ही नोकरी एका अर्थाने करुणेची नोकरी आहे, आणि ती नाकारली तर भोगणारा तिसराच असतो. अशा कामातल्या माणसांना पिळणे म्हणूनच सोपे जाते: त्यांना काम टाकून जाता येत नाही, हे मालकाला ठाऊक असते. परिचारिका, सफाई कामगार, दाहिनीवरची मुले, सगळ्यांची कोंडी हीच.

जॉर्जच्या घरचा धागा मालिकेने याला समांतर चालवला आहे. आई जॉय, वडील क्लॅन्सी, धाकटी बहीण रेजी. त्यांच्यापुढे जाऊन मी आहे असे जॉर्जला सांगता येत नाही. रेजी गावभरच्या शौचकूपांच्या बैठका गोळा करते आणि अंगणातल्या झाडाला टांगते. शेजाऱ्यांना हा चहाटळपणा वाटतो. पण ज्या वस्तूने बहीण गेली ती हास्यास्पद आहे म्हणून दु:ख हास्यास्पद होत नाही, हे त्या लहान मुलीइतके मालिकेत दुसऱ्या कुणालाच नीट कळलेले नाही.

फुलर पहिल्या पर्वाच्या सुरुवातीलाच मतभेदांमुळे बाहेर पडले. पुढे 'पुशिंग डेझीज' या २००७ च्या मालिकेत त्यांनी हात लावून मृतांना जिवंत करणारा नायक आणला; स्पर्शाची ही कल्पना त्यांना सोडवेना. 'डेड लाइक मी' दोन पर्वे चालली, २९ भाग झाले, आणि २००४ च्या ऑक्टोबरअखेर बंद पडली. २००९ मध्ये थेट डीव्हीडीवर एक चित्रपट आला. त्यात रूब नाही. त्याच्या जागी नव्या व्यवस्थापनाच्या थाटाचा, तुळतुळीत सुटातला साहेब आला आहे. मुकादम जाऊन मॅनेजर येणे, ही गोष्ट तर आपल्याकडच्या गिरण्यांनीही पाहिली आहे.

धनत्रयोदशीला आपण दक्षिणेकडे वात करून यमासाठी दिवा लावतो. अपमृत्यू टळावा, हे त्यामागचे मागणे. अपमृत्यू म्हणजे अवेळी, बाह्य कारणाने आलेले मरण. रूबची तुकडी ज्या खात्यात काम करते, ते खाते. तो दिवा यमराजाच्या नावाचा असतो. पण राजा स्वत: कधी येत नाही, त्याची माणसे येतात, आणि त्यांच्या नावाने काही लावायची पद्धत आपल्यात नाही. दाहिनीवरच्या त्या मुलाचा करार या दिवाळीत चालू आहे की मधला खंड पडला आहे, कोण जाणे.